शिर सलामत, पण पगडी एकच

बाथ हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेलं छोटंसं शहर, रोमन काळातल्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात या शतकाच्या अगदी सुरुवातीला एक जोडपं तपासण्यांसाठी जात होतं. एका भेटीत त्यांना सांगण्यात आलं की बाईंच्या दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत, कर्करोगाच्या आधीच्या पायरीवरच्या, आणि दोन्ही अंडाशय काढावे लागतील. गाठी सावकाश वाढणाऱ्या आहेत, त्यामुळे आधी एकदा स्त्रीबीजं काढून घेता येतील. ही सगळी भेट जेमतेम तासाभराची. त्या तासातच नर्सनं संमतीपत्रं समजावून सांगितली. बीजं फलित करायची, तयार झालेले भ्रूण गोठवून ठेवायचे. पण ते गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणीही, केव्हाही, आपली संमती मागे घेऊ शकतं. १९९०चा कायदाच तसा होता.

तेव्हा बाईंनी एक प्रश्न विचारला. नुसती माझी बीजं, फलित न करता, गोठवता येतील का? उत्तर मिळालं की त्यात यश फारच कमी येतं आणि आमच्याकडे ते करत नाहीत. शेजारी बसलेल्या जोडीदारानं धीर दिला: त्याची गरजच नाही, आपण काही वेगळे होणार नाही आहोत.

नोव्हेंबर २००१ मध्ये ११ बीजं काढली गेली. त्यातून सहा भ्रूण तयार झाले, ते गोठवले. दोन आठवड्यांनी अंडाशय काढले. पुढच्या मे महिन्यात दोघं वेगळे झाले आणि त्यानं केंद्राला कळवलं की भ्रूण नष्ट करा. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं, मग अपील न्यायालयात, आणि शेवटी स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १७ न्यायाधीशांच्या पीठापुढे. १० एप्रिल २००७ रोजी निकाल लागला. १३ विरुद्ध ४. बाई हरल्या. कायदा शिकणाऱ्यांना हा खटला ‘एव्हान्स विरुद्ध युनायटेड किंग्डम’ या नावानं माहीत असतो.

पॉडकास्टवर या खटल्याबद्दल बोललं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, तिची ती शेवटची संधी होती, ती हिरावली. दुसरा म्हणतो, नको असताना कुणाला बाप कसं करणार? मला विचाराल तर निकाल चुकीचा वाटत नाही. मला खटकतो तो त्या भेटीतला तास. बाईंनी नेमका बरोबर प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर ‘नाही’ होतं. तिथे तिच्या जागी पुरुष असता तर त्याच्या हातात एक डबी दिली असती आणि वीस मिनिटांत काम झालं असतं. जोडीदार कोण, आहे की नाही, टिकणार की नाही, कुणी विचारलंही नसतं. हा फरक कुठून आला, ते तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठी पन्नाससाठ वर्षं मागे जावं लागेल.

आपल्याकडे म्हणतात, शिर सलामत तर पगडी पचास. कर्करोगाच्या औषधोपचारांची पहिली तीस वर्षं डॉक्टरांचंही हेच म्हणणं होतं, आणि ते समजण्यासारखं होतं. रसायनानं कर्करोग मागे हटवता येतो हे पहिल्यांदा दिसलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, येल विद्यापीठात, आणि वापरलं गेलेलं रसायन होतं नायट्रोजन मस्टर्ड, म्हणजे पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेल्या मस्टर्ड गॅसचं भावंडं. भराभर विभागणाऱ्या पेशी ते मारतं. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, पण शरीरात तशा इतरही पेशी असतात: रक्त तयार करणाऱ्या, केसांच्या मुळाशी असलेल्या, आणि पुरुषात शुक्राणू तयार करणाऱ्या. हे औषध घेतलेल्या पुरुषांच्या वृषणांत शुक्राणू बनणं थांबलेलं दिसतं, हे सोफी स्पिट्झ या पॅथॉलॉजिस्टनं १९४८ सालीच छापून ठेवलं होतं. पण तेव्हाचे रुग्ण महिने मोजत जगायचे. त्यांना बाळाचं काय विचारणार?

प्रश्न खरा झाला तो रुग्ण जगायला लागल्यावर. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिन लिम्फोमासाठी चार औषधं एकत्र दिली, ‘मॉप’ नावानं ओळखला जाणारा उपचार. त्यातलं पहिलं औषध तेच जुनं नायट्रोजन मस्टर्ड. वर्षभरात माणूस जायचा अशा आजारात आता निम्म्याहून जास्त लोक कायमचे बरे व्हायला लागले. हॉजकिन हा बऱ्याचदा विशीतिशीतल्या तरुणांचा आजार. ही मुलं बरी झाली, नोकरीला लागली, लग्नं केली, आणि मग कळलं की त्यातले बहुतेक सगळे पुरुष वंध्य झालेत. बायकांचं वयावर अवलंबून होतं. मुलगी जन्माला येते तीच दहावीस लाख बीजांचा साठा घेऊन. वयात येईपर्यंत त्यातली तीनचार लाख उरतात आणि नवी तयार होत नाहीत. विशीत औषध घेतलं तर काही शिल्लक राहायची, पस्तिशीत घेतलं तर पाळीच थांबायची.

इथे इटलीतल्या मिलानच्या जिआनी बोनाडोना यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांनी १९७० च्या दशकात ‘एबीव्हीडी’ हा दुसरा चार औषधांचा उपचार आणला, मूळ उद्देश मॉपनं बरे न होणाऱ्यांना काहीतरी देण्याचा. नंतर लक्षात आलं की हा उपचार तेवढाच प्रभावी आहे आणि यानंतर बहुतेकांची प्रजननक्षमता परत येते. आजही हॉजकिनसाठी तो वापरतात. जननक्षमता वाचवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग काहीही न गोठवता मिळाला, ही गोष्ट गोठवण्याच्या गोष्टींच्या गर्दीत हरवून जाते म्हणून मुद्दाम सांगितली. तसाच दुसरा मार्ग त्याहून जुना. ओटीपोटाला किरणोपचार द्यायचे असतील तर त्याआधी अंडाशय त्यांच्या जागेवरून सोडवून वर, किरणांच्या वाटेतून बाजूला, टाके घालून ठेवायचे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात हे १९५०च्या दशकापासून होतंय.

आता गोठवण्याकडे येऊ. शुक्राणू बर्फात ठेवले की निपचित होतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलतात, हे इटलीतल्या स्पालान्झानी या पाद्री शास्त्रज्ञानं १७७६ साली पाहिलं होतं. १८६६ मध्ये पावलो मांतेगाझा या दुसऱ्या इटालियनानं लिहिलं की युद्धावर जाणाऱ्या सैनिकाचं वीर्य गोठवून ठेवलं तर तो मेल्यावरही त्याला वारस होऊ शकेल. बघा, कल्पना सुचली तीच मुळी मृत्यूच्या छायेत. पण खूप थंड केलं की पेशीतल्या पाण्याचं बर्फ व्हायचं, आणि बर्फाचे स्फटिक पेशीला आतून फाडायचे. तिथे गाडं शंभर वर्षं अडलं.

ते सुटलं लंडनच्या उत्तरेला मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत, १९४९ साली, एका चुकीच्या बाटलीमुळे. ख्रिस्तोफर पोल्ज हा तरुण संशोधक, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स यांच्याबरोबर, कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून बघत होता. काही जमत नव्हतं. मध्ये काही महिने काम बंद पडलं. पुन्हा शीतगृहातली तीच बाटली काढून प्रयोग केला तर शुक्राणू चक्क जिवंत राहिले! ताजं साखरेचं द्रावण करून बघितलं तर पुन्हा अपयश. तेव्हा बाटलीत उरलेलं थोडंसं द्रावण रसायनतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यात साखर नव्हतीच. होतं ग्लिसरॉल आणि अंड्यातला पांढरा बलक, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर पेशी चिकटवण्यासाठी वापरतात ते मिश्रण. लेबलांची अदलाबदल झाली होती. ग्लिसरॉल पेशीत शिरून पाण्याला स्फटिक होऊ देत नाही.

दोन वर्षांत गोठवलेल्या वीर्यापासून वासरू जन्मलं. तुमच्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांनी या शोधाचं फळ डोळ्यांनी पाहिलेलं असणार. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’चा माणूस मोटारसायकलला नायट्रोजनचं कॅन बांधून गोठ्यात यायचा, झाकण उघडलं की पांढरी वाफ निघायची, आणि त्यातून काडीएवढी नळी काढून गाय भरवायचा. कॅनमधल्या नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. पुढे मुंबई, लंडन, न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत माणसांचं बीज ज्यात ठेवलं गेलं ते याच तापमानाचं पिंप.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रेमंड बंज आणि जेरोम शर्मन यांनी माणसाचं गोठवलेलं वीर्य वापरून गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे मॉप हा उपचार यायच्या दहा वर्षं आधी, पुरुषापुरती, तंत्राची सोय झालेली होती. तरी मॉप घेतलेल्या कितीतरी पोरांना ती कुणी सांगितलीच नाही. कारण साधं होतं. कर्करोगाचा डॉक्टर एका इमारतीत, वीर्यपेढी दुसऱ्या. आणि दोघांच्या मधे सोळासतरा वर्षांचा मुलगा, शेजारी त्याची आई, आणि कुणालाही तोंडातून काढायला नको असलेला विषय.

ज्यांना सांगितलं गेलं त्यांच्यापैकी एकाची गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे. मँचेस्टरमध्ये १९७९ साली १७ वर्षांच्या एका मुलाला वृषणाचा कर्करोग झाला. उपचारांआधी त्याचं वीर्य गोठवलं. २१ वर्षांनी ते वितळवून वापरलं आणि त्याला मुलगा झाला. गंमत म्हणजे, १९७९ मध्ये ज्या डॉक्टरनं ते गोठवायला सांगितलं त्याला २१ वर्षांनंतर ते कसं वापरतील याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. बीजात एकच शुक्राणू सुईनं टोचण्याचं ‘इक्सी’ तंत्र ब्रुसेल्समध्ये १९९२ साली आलं. त्याआधी गोठवलेल्या, आजारी माणसाच्या, कमी संख्येच्या वीर्याचा फारसा उपयोग व्हायचा नाही. भविष्यात काहीतरी निघेल अशा भरवशावर ठेवलेली ती ठेव होती.

स्त्रीबीजाचं मात्र वेगळं. शुक्राणू म्हणजे जवळपास नुसतं डोकं आणि शेपूट, पाणी नावाला. स्त्रीबीज शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, मिलिमीटरचा दहावा हिस्सा, नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसेल एवढी, आणि आत पाणीच पाणी. शिवाय आतली गुणसूत्रं ज्या नाजूक दोऱ्यांवर मांडलेली असतात ते दोरे थंडीनं विस्कटतात. गोठवलं की बीजाचं कवचही कडक होतं आणि शुक्राणूला आत शिरता येत नाही. फलित झालेल्या, चारआठ पेशींच्या भ्रूणाला यातला बराच त्रास होत नाही. पेशी लहान झालेल्या असतात आणि एकदोन गेल्या तरी उरलेल्या चालतात. म्हणून विज्ञानानं सोपी वाट धरली. बीज जमत नाही ना, मग भ्रूण गोठवा.

या वाटेवर सगळ्यात आधी चालल्याचा दावा आपल्याच देशातला आहे. कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये जन्मल्यावर सव्वादोन महिन्यांनी, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी सांगितलं की भ्रूण काही आठवडे गोठवून ठेवला होता आणि बाईचं शरीर तयार असलेल्या पाळीचक्रात तो सोडला. कुणी विश्वास ठेवला नाही. राज्य सरकारच्या समितीनं दावा फेटाळला, त्यांची बदली झाली, आणि जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. गोठवलेल्या भ्रूणापासून बाळ झाल्याची सर्वमान्य नोंद मेलबर्नची, १९८४ सालची. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, ते देशातलं पहिलं म्हणून गाजलं. पुढे आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आली. ती वाचून १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढून मेलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवणं विज्ञानात फार वेळा घडत नाही.

पण भ्रूण गोठवायचा म्हणजे शुक्राणू लागणार. इथेच त्या बाथच्या खोलीतली अडचण जन्माला आली. पुरुषाची ठेव एकट्याची असते, बाईची ठेव तंत्रानंच जोडखातं करून टाकली. लग्न झालेल्या बाईला नवरा असायचा. लग्न न झालेल्या पंचविशीतल्या मुलीला सांगितलं जायचं, दात्याचं वीर्य वापरून भ्रूण करू, नाहीतर राहू दे. यातलं कोणतं उत्तर मराठी आईबापांनी ऐकून घेतलं असतं, तुम्हीच विचार करा.

आणि बीज गोठवणं खरंच अशक्य होतं का? अ‍ॅडलेडमध्ये ख्रिस्तोफर चेन यांनी १९८६ मध्येच गोठवलेल्या स्त्रीबीजापासून गर्भधारणा झाल्याचं छापलं होतं. जुळी झाली. पण यशाचं प्रमाण अगदी थोडं, गुणसूत्रं बिघडण्याची भीती, आणि भ्रूणाची वाट चांगली चाललेली. त्यामुळे जवळपास दहा वर्षं कुणी फार मागे लागलं नाही. १९९७ मध्ये बोलोन्याच्या एलेओनोरा पोर्कू यांनी गोठवलेल्या बीजात इक्सीनं शुक्राणू टोचून कडक कवचाची अडचण सोडवली. ब्रिटनमध्ये गोठवलेलं बीज वितळवून उपचारात वापरायला नियामक संस्थेनं परवानगी दिली ती थेट २००० मध्ये. तोवर ठेवता यायचं, वापरता यायचं नाही! म्हणजे एव्हान्सबाईंनी प्रश्न विचारला तेव्हा परवानगी नुकतीच मिळालेली होती आणि देशात त्या पद्धतीनं एकही मूल जन्मलेलं नव्हतं. नर्स खोटं बोलत नव्हती.

पुढची गती आली ती अशा ठिकाणाहून की हसावं का रडावं कळत नाही. इटलीनं २००४ मध्ये, चर्चच्या प्रभावाखाली, भ्रूण गोठवण्यावरच बंदी घातली आणि एका वेळी तीनच बीजं फलित करायची मुभा ठेवली. उरलेल्या बीजांचं करायचं काय? इटालियन डॉक्टरांना बीजं गोठवायला शिकावंच लागलं. तिकडे जपानमध्ये मासाशिगे कुवायामा यांनी बीज इतक्या झटक्यात थंड करायची पद्धत बसवली की पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं थिजतं. २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिननं बीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. तेव्हा आयोवाच्या प्रयोगाला ५९ वर्षं झाली होती. यातला मोठा भाग जीवशास्त्राचाच आहे, ते मान्य. पण मधली दहा वर्षं नुसती पडून गेली त्याला जीवशास्त्र जबाबदार नाही. बाई म्हणजे जोडप्याचा अर्धा भाग, हे गृहीत धरलं होतं, म्हणून घाई कुणालाच नव्हती.

लहान मुलींची गोष्ट अजून निराळी. वयात न आलेल्या मुलीची बीजं काढता येत नाहीत. तिच्यासाठी अंडाशयाचा पापुद्राच काढून गोठवायचा आणि पुढे परत बसवायचा. एडिंबरामध्ये रॉजर गॉसडेन यांनी १९९४ मध्ये हे मेंढ्यांवर करून दाखवलं. ब्रुसेल्समध्ये जाक दोनेझ यांनी १९९७ मध्ये हॉजकिन झालेल्या एका तरुणीचे तुकडे गोठवले, २००३ मध्ये परत बसवले, २००४ मध्ये तिला मुलगी झाली. लगेच शंका निघाली की तिच्या पोटात राहिलेल्या अंडाशयातूनच बीज आलं नसेल कशावरून? पुढे जगभर अशी बाळं होत गेली तशी शंका मावळली. २००१ मध्ये लीड्सला, थॅलेसेमियासाठी अस्थिमज्जा बदलण्याआधी, नऊ वर्षांच्या मुलीचा अंडाशय काढून ठेवला होता. तिला २०१६ मध्ये लंडनला बाळ झालं. आजार कर्करोग नव्हे, पण त्याआधी द्यायची केमोथेरपी त्याच जातीची. रक्ताच्या कर्करोगात मात्र हे जपून करावं लागतं, कारण गोठवलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात. वयात न आलेल्या मुलग्यांसाठी वृषणाचा तुकडा ठेवतात, तो अजून संशोधनाचाच भाग.

बाथहून रेल्वेनं पंधरा मिनिटांवर ब्रिस्टल. तिथल्या साउथमीड रुग्णालयात काही पुरुषांनी कर्करोगाच्या उपचारांआधी वीर्य ठेवलं होतं. जून २००३ मध्ये पिंपातला द्रव नायट्रोजन कमी झाला, वेळेवर भरला गेला नाही, आणि सगळं वितळलं. सहा जणांच्या वतीनं दावा दाखल झाला. रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टनं निष्काळजीपणा कबूल केला, पण युक्तिवाद असा केला की वीर्य शरीराबाहेर पडलं म्हणजे ही शारीरिक इजा होत नाही, आणि ते कुणाची मालमत्ताही नाही; मग भरपाई कशाची? खालच्या न्यायालयानं हे मानलं. अपील न्यायालयानं फेब्रुवारी २००९ मध्ये निकाल फिरवला. शारीरिक इजा नाही हे बरोबर, पण वीर्य त्या माणसांचंच आहे, त्यांच्या शरीरानं ते त्यांच्याच उपयोगासाठी तयार केलं, आणि रुग्णालयानं ते सांभाळायला घेतलं होतं. दोन शेजारी शहरं, दोन वर्षांच्या अंतरानं घडलेल्या दोन गोष्टी. पुरुषाला न्यायालय म्हणालं, हे तुझं आहे. बाईला म्हणालं, हे तुमचं दोघांचं आहे. आणि दोन्ही वेळा कायदा आपल्या जागी बरोबरच होता.

एव्हान्स निकालानंतर कायद्यात एक लहानशी दुरुस्ती झाली. २००९पासून एकानं संमती मागे घेतली तरी भ्रूण लगेच नष्ट करत नाहीत, विचाराला वर्षभर देतात. जुलै २०२२ पासून साठवणुकीची मर्यादा सगळ्यांसाठी ५५ वर्षं झाली, मात्र दर १० वर्षांनी संमती नव्यानं द्यावी लागते. भारतात २०२१च्या कायद्यानं गोठवलेल्या भ्रूणासाठी कमाल १० वर्षं ठेवली आहेत, आणि स्वतःचं बीज वा भ्रूण देशाच्या सीमेपलीकडे न्यायचं तर राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. विशीत आजारी पडून पुण्यात काही ठेवलेली मुलगी तिशीत लग्न करून लेस्टरला किंवा दुबईला आली, तर हे तपशील तिच्या आयुष्यातले मोठे तपशील होतात.

परळला टाटा आणि केईएम ही दोन रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. टाटा १९४१पासून कर्करोगाचं, केईएममध्ये १९८६चं ते बाळ. रस्ता ओलांडायला पाच मिनिटं पुरतात. पण निदान झालेल्या दिवशी तो रस्ता रुग्णाला दिसत नाही, कुणीतरी दाखवावा लागतो. अमेरिकेत कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ मध्ये लेखी सांगितलं की हा विषय उपचारांआधी डॉक्टरनं स्वतः काढायचा. तिथे विमा कंपन्यांना हा खर्च उचलायला लावणारे पहिले राज्य कायदे २०१७ मध्ये आले. ब्रिटनमध्ये एनएचएस कर्करोगाच्या रुग्णांसाठी बहुधा खर्च करते, पण इंग्लंडमध्ये तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावर थोडं अवलंबून आहे.

आपल्या घरांत अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मुलगी अविवाहित असली की तपासणी आणि बीजं काढणं योनिमार्गातून होतं म्हणून आई गप्प होते. (पोटावरूनही करता येतं, विचारलं तर सांगतात.) मुलगा असला की वडील खोलीबाहेर जातात. ‘आधी बरी हो, मग बघू’ असं प्रेमानंच म्हटलं जातं, आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही. पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करून साधारण दोन आठवड्यांत बीजं काढता येतात. स्तनाच्या कर्करोगात त्या काळात हार्मोन फार वाढू नये म्हणून लेट्रोझोल देतात. प्रत्येकीला हे दोन आठवडे परवडतीलच असं नाही. रक्ताच्या कर्करोगात कधीकधी दोन दिवसही नसतात. ते तिच्या डॉक्टरनं ठरवायचं, पण त्याला विचारलेलं असायला हवं, पहिल्या सलाइनच्या आधी. आणि जोडीदार कितीही चांगला असला तरी सगळी बीजं फलित करू नका, काही तशीच ठेवायला सांगा. एव्हान्सबाईंना जे मिळालं नाही ते आज मागता येतं.

ज्यांनी आधीच काही ठेवलेलं आहे त्यांना एकच सांगणं. दहा वर्षांनी ब्रिटनमधलं केंद्र संमती नव्यानं द्या म्हणून कळवतं. उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांच्या मुदतीनंतर ते काढून टाकावं लागतं. आपण घरं बदलतो, देश बदलतो, जुने ईमेल बंद करतो. घर बदललंत की बँकेला कळवता ना, त्याच दिवशी यांनाही कळवा.